स्कीइंग न करणाऱ्यांनी स्कीइंगचे पैसे का भरावेत?

नाताळच्या सुट्टीत युरोपला जाऊन बर्फ पाहायचा, ही हौस आता फक्त श्रीमंतांची राहिलेली नाही. मुंबई-पुण्यातला नोकरदार वर्ग दोन-तीन वर्षे पैसे साठवून हा बेत आखतो. जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये नोकरीनिमित्त राहणारी मराठी तरुण मंडळीही अनेकदा आई-वडिलांना याच दिवसांत बोलावून घेतात. यातल्या बहुतेकांना स्कीइंग येत नाही आणि शिकायचेही नसते. बर्फातून निवांत चालावे, मुलांना स्लेजवर बसवावे, दिव्यांनी उजळलेल्या चौकात गरम काहीतरी प्यावे, एवढीच त्यांची अपेक्षा. तरीही बेत ठरतो तो दोनच वाटांनी. एक तर स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियातल्या नामांकित स्की-गावात खोली घ्यायची, नाहीतर पॅरिस, प्राग, व्हिएन्ना गाठून ‘पडेल बर्फ’ या आशेवर आभाळाकडे बघत बसायचे. पहिल्या वाटेने खिसा रिकामा होतो, दुसरीने हौस अपुरी राहते. माझ्या मते यापेक्षा शहाणपणाची तिसरी वाट आहे: मुक्काम डोंगराच्या पायथ्याच्या साध्या, नांदत्या गावात करावा आणि बर्फ गाठायला सार्वजनिक वाहतुकीने वर जावे. मध्यम खिशाला परवडेल अशी ही सोय आल्प्सपेक्षाही चांगली सापडते ती स्लोव्हाकिया आणि पोलंडच्या सीमेवरच्या तात्रा पर्वतात.

आधी शहरांचे पाहू. युरोपातल्या मोठ्या राजधान्या सखल भागात आणि नद्यांच्या काठी वसल्या आहेत. अटलांटिकवरून येणारी दमट, तुलनेने उबदार हवा डिसेंबरात तिथे बर्फाऐवजी पाऊस आणते. ब्रिटनच्या हवामान खात्याने तर ‘पांढऱ्या ख्रिसमस’ची अट इतकी सैल ठेवली आहे की, २५ डिसेंबरच्या चोवीस तासांत देशात कुठेही बर्फाचा एक कण पडताना दिसला तरी ती पुरी होते. जमिनीवर साचलेला बर्फ हा मात्र वेगळाच मामला. ब्रिटनमध्ये आणि जर्मनीतही नाताळात देशभर बर्फाची चादर पसरल्याचे वर्ष म्हणून आजही २०१० कडेच बोट दाखवले जाते. नाताळ आणि नववर्ष यांच्या मधल्या दिवसांत पश्चिमेकडून ऊबदार वारे येऊन असलेला बर्फही वितळून जातो, हे मध्य युरोपातल्या हवामान अभ्यासकांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. तेव्हा व्हिएन्ना किंवा प्रागला नाताळात जरूर जावे. तिथले बाजार, चर्चमधले संगीत आणि सजलेले रस्ते यांसाठी जावे. बर्फासाठी जाऊ नये.

बर्फाची खात्री उंचीशी बांधलेली असते. हवा साधारण असेल तेव्हा दर शंभर मीटर चढाला तापमान सुमारे ०.६५ अंशाने उतरते. ऑस्ट्रियातले इन्सब्रुक ५७४ मीटरवर आहे. शहरात तीन अंश तापमानात रिमझिम चालू असेल, तेव्हा त्याच शहरातून रोपवेने पोहोचता येणाऱ्या झेग्रुबे या १,९०५ मीटरवरच्या ठिकाणी उणे पाच-सहा अंश असतात आणि तोच पाऊस तिथे बर्फ होऊन पडतो. नुसते ‘आल्प्समध्ये’ असून भागत नाही. १९६४ च्या हिवाळी ऑलिम्पिकच्या वेळी याच इन्सब्रुकमध्ये बर्फ इतका कमी होता की, ऑस्ट्रियन लष्कराच्या जवानांना तो डोंगरावरून खाली वाहून आणावा लागला. शिकण्याजोगी गोष्ट अशी की, बेत आखताना देशाचे नाव दुय्यम ठरते. गाव किती मीटरवर आहे आणि तिथून दीड-दोन हजार मीटरपर्यंत नेणारी रेल्वे किंवा रोपवे आहे का, हे दोन प्रश्न आधी विचारायला हवेत.

मग थेट उंचावरच्या गावातच का राहू नये? कारण तिथल्या खोलीचे भाडे स्कीइंग करणाऱ्याच्या सोयीवर ठरते. त्याला सकाळी साडेआठला लिफ्टच्या रांगेत उभे राहायचे असते, म्हणून लिफ्टपासून चार पावलांवरच्या खोलीला तो चढा दर मोजतो. हंगाम तीन-चार महिन्यांचा; तेवढ्यात मालकाला वर्षाची कमाई करायची असते. नाताळ ते नववर्ष हा त्या हंगामातला सर्वांत महाग काळ. अनेक ठिकाणी घरे फक्त शनिवार ते शनिवार अशा पूर्ण आठवड्यासाठीच दिली जातात. जो स्कीइंग करणारच नाही, त्याने हा सगळा आकार कशासाठी भरायचा? स्वित्झर्लंडचे आकर्षण मराठी पर्यटकांना विशेष आहे. हिंदी सिनेमाने ते घडवले आणि इंटरलाकेनने यश चोप्रांचा पुतळा उभारून त्याची पावतीही दिली. युंगफ्राउयोखचे ३,४५४ मीटरवरचे, १९१२ साली सुरू झालेले रेल्वे स्थानक हा अभियांत्रिकीचा चमत्कार आहे, यात वादच नाही. पण त्या एका चढाईचे पूर्ण दराचे तिकीट माणशी दोनशे फ्रँकच्या घरात जाते. चौघांच्या कुटुंबाने सवलतीचा पास काढला तरी हा एक दिवस संपूर्ण सहलीच्या हिशेबात ठळकपणे उठून दिसतो.

तात्राची गोष्ट वेगळी आहे आणि त्याला इतिहास कारण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही वस्ती वाढली ती स्कीइंगसाठी नव्हे, तर क्षयाच्या रुग्णांसाठी. स्वच्छ, कोरड्या हवेत रुग्णांनी चालावे, बसावे, श्वास घ्यावा, म्हणून इथे आरोग्यधामे उभी राहिली, पायवाटा आखल्या गेल्या आणि त्यांना जोडणारी रेल्वे आली. पोप्राद हे पायथ्याचे शहर सुमारे ६७० मीटरवर आहे. तिथून स्तारी स्मोकोवेत्सकडे जाणारी अरुंद मापाची विजेची रेल्वे १९०८ पासून धावते. पोप्रादच्या स्थानकात मुख्य लोहमार्गाच्या वरच्या मजल्यावर तिचा फलाट आहे. व्हिएन्ना किंवा ब्रातिस्लावाहून आलेल्या माणसाने गाडीतून उतरून जिना चढला की डोंगराची गाडी समोर उभी. ती जंगलातून वळसे घेत, आरोग्यधामांच्या जुन्या गावांत थांबत २९ किलोमीटरवरच्या श्त्रब्स्के प्लेसोला पोहोचते. प्लेसो म्हणजे तळे. ते सुमारे १,३५० मीटरवर आहे आणि थंडीत गोठलेले असते. मुख्य लोहमार्गावरच्या श्त्रबा स्थानकातूनही दातेरी रुळांची एक गाडी सव्वाचारशे मीटर चढून इथेच येते. ती मूळची १८९६ ची; मध्यंतरी बंद पडली आणि १९७० साली नव्याने बांधली गेली. या गाड्या पर्यटकांचे खेळणे नाहीत. शाळकरी मुले, हॉटेलांतले कामगार, आजीबाई याच गाड्यांनी जातात-येतात, आणि भाडेही त्याच हिशेबाचे, म्हणजे मोजक्या युरोंचे आहे.

स्कीइंग न करता दिवस कसा जाईल, ही शंका इथे उरत नाही. स्तारी स्मोकोवेत्सहून ह्रेबियेनोकला फ्युनिक्युलर जाते. वणीच्या सप्तशृंगी गडावर जशी ट्रॉली आहे, तसाच प्रकार. वर १,२८५ मीटरवर दर हिवाळ्यात बर्फाच्या लाद्यांतून एक मोठा घुमट कोरून उभारला जातो. वेदी, कमानी, पुतळे सगळे बर्फाचे, आणि आत जायला जिना चढावा लागत नाही, त्यामुळे ज्येष्ठांनाही ते सोयीचे. तिथून खाली स्लेजने घसरत येण्याची वेगळी वाट आहे आणि स्लेज भाड्याने मिळते. तात्रान्स्का लोम्नित्साहून रोपवेने १,७५१ मीटरवरच्या स्काल्नाते प्लेसोला जाता येते. पोप्राद आणि वर यांत सात अंशांचा फरक पडतो, तो अंगाला लगेच जाणवतो. एखादा दिवस हवा खराब असेल तर खाली पाहण्यासारखे पुष्कळ आहे. लेवोचाच्या सेंट जेम्स चर्चमध्ये मास्टर पावेलने घडवलेली साडेअठरा मीटरहून उंच लाकडी गॉथिक वेदी आहे. या प्रकारातली ती जगातली सर्वांत उंच मानली जाते. केझमारोकचे लाकडी चर्च युनेस्कोच्या यादीत आहे. संध्याकाळी गरम पाण्याच्या कुंडात बसायचे असेल तर पोप्रादमध्येच त्याची सोय आहे. डिसेंबरात पावणेचार-चारला सूर्य मावळतो, हे लक्षात घेऊन दिवस आखला म्हणजे झाले.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: हवामान बदलाच्या काळात साडेतेराशे मीटरवर तरी बर्फाची हमी आहे का? नाही. १ जानेवारी २०२३ रोजी वॉर्सात १८.९ अंश तापमान नोंदले गेले आणि त्या आठवड्यात आल्प्समधल्या कित्येक उतारांवर हिरवे गवत दिसत होते. त्याच वर्षी ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने, आल्प्समध्ये जमिनीवर बर्फ टिकण्याचा काळ दीर्घकालीन सरासरीपेक्षा सुमारे ३६ दिवसांनी घटल्याचे दाखवले. पण या आक्षेपाने माझा मुद्दा खोडला जात नाही, उलट पक्का होतो. उंचावरच्या महाग गावात आठवड्याचे भाडे आगाऊ भरून बसलेला माणूस बर्फ नसला तरी अडकलेलाच असतो. पायथ्याच्या शहरात राहणारा सकाळी वरचा कॅमेरा मोबाइलवर पाहतो आणि त्या दिवशी सतराशे मीटरवर जायचे, की लेवोचाला, ते ठरवतो. बर्फाची सर्वाधिक खात्री हवी असेल तर फिनलंडचे लॅपलंड आहेच. मात्र रोव्हानिएमीला त्या दिवसांत सूर्य जेमतेम दोन-सव्वादोन तास वर असतो आणि सांताक्लॉजच्या गावासाठी जगभरातून लोटणाऱ्या गर्दीमुळे डिसेंबर हाच तिथला सर्वांत महाग महिना. स्वस्त सहलीच्या यादीत ते बसत नाही.

दुसरा आक्षेप असा की, नाताळात हे देश बंदच असतात. खरे आहे, आणि इथेच आपल्याकडच्या अनेकांचा बेत फसतो. आपल्याला सण म्हटला की रस्त्यावरची गर्दी आठवते. मध्य युरोपात नाताळ घरात साजरा होतो. स्लोव्हाकियात २४, २५ आणि २६ डिसेंबर या तिन्ही दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. २४ ला दुपारपर्यंत दुकाने मिटतात, संध्याकाळी गाड्या विरळ होतात आणि घरोघरी कोबीचे आंबट सूप, मध लावलेल्या पातळ वेफर आणि तळलेला कार्प मासा यांचे जेवण होते. पोलंडनेही २०२५ पासून २४ डिसेंबरला सुट्टी जाहीर केली. न्यूरेंबर्गचा प्रसिद्ध नाताळ बाजार तर २४ लाच संपतो. व्हिएन्नाच्या टाऊन हॉलसमोरचा २६ पर्यंत चालतो. प्रागचा सहा जानेवारीपर्यंत. म्हणून क्रम महत्त्वाचा. बाजार आणि शहर २३ पूर्वी पाहून घ्यावे, २३ ला डोंगराकडे सरकावे, दोन दिवसांचा शिधा त्याच दिवशी भरून ठेवावा आणि सुट्टीचे दिवस बर्फात घालवावेत. व्हिएन्नाहून ब्रातिस्लावा तासाभराच्या अंतरावर आहे, तिथून पोप्राद चार तासांवर. चौकातले दिवे आणि डोंगरावरचा बर्फ, दोन्ही एकाच सहलीत पदरात पडतात.

जेवणाची काळजी मराठी घरात हमखास निघते. शाकाहारी माणसाची स्लोव्हाकियात चैन होणार नाही, पण उपासमारही होणार नाही. तळलेले चीज जवळपास प्रत्येक खानावळीत मिळते. मेंढीच्या दुधाच्या चीजमध्ये घोळवलेले बटाट्याचे छोटे गोळे, म्हणजे हालुश्की, हा तर राष्ट्रीय पदार्थ. फक्त त्यावर डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात, ते नकोत असे आधी सांगावे लागते. पोलंडच्या बाजूला बटाटा आणि ताज्या चीजचे सारण भरलेले प्येरोगी मिळतात. त्याहून सोपा उपाय म्हणजे स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेणे. पायथ्याच्या शहरात अशी घरे मिळतात, सुपरमार्केट चालत जाण्याच्या अंतरावर असते, आणि दिवसातले एक जेवण घरी झाले तरी खर्चात मोठा फरक पडतो. कपड्यांचेही तसेच. स्कीइंगचा महागडा पोशाख लागत नाही. अंगालगत थर्मल, वर लोकर, त्यावर वारा अडवणारे जाकीट आणि पाणी न शिरणारे बूट पुरतात. घसरू नये म्हणून बुटांवर चढवायचे काटे मात्र घ्यावेत. गोठलेल्या पायवाटेवर तेच उपयोगी पडतात.

सर्वांत टोकदार आक्षेप शेवटी घेतो: आपल्याच देशात हिमालय असताना इतक्या दूर जायचेच कशाला? नुसता बर्फ पाहायचा असेल तर जाऊच नये. गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे आणि तिथला गोंडोला चार हजार मीटरच्या जवळ नेतो. व्हिसा नको, विमानभाडे निम्म्याहूनही कमी, शिवाय विमानातून होणारे प्रदूषणही कमी. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गही कोरडे पडले होते, त्यामुळे हमी तिथेही नाही. पण पैशांच्या हिशेबात हिमालयच जिंकतो. युरोपचा खर्च सार्थकी लागतो तो बर्फासोबत नाताळ हवा असेल तेव्हाच: चर्चमधला मध्यरात्रीचा घंटानाद, चौकातले बाजार, शतकभर जुन्या रेल्वे आणि सण घरात कसा साजरा होतो ते पाहण्याची संधी. ज्यांना याचे अप्रूप नाही, त्यांनी श्रीनगरचे तिकीट काढावे. ज्यांचे नातेवाईक आधीच युरोपात आहेत, त्यांच्यासाठी मात्र हा बेत अधिकच सोपा होतो, कारण म्युनिकहून किंवा बर्लिनहून तात्रा एका दिवसाच्या प्रवासावर आहे.

राहिला तारखांचा आणि कागदपत्रांचा भाग. त्यात चूक झाली तर वाचवलेले पैसे तिथेच जातात. शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो आहे, सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ४५. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. डिसेंबरासाठी तो ऑगस्ट-सप्टेंबरातच करावा. ज्या देशात सर्वाधिक रात्री काढणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो. विमान व्हिएन्नाला उतरणार असले तरी जास्त मुक्काम पोप्रादला असेल तर अर्ज स्लोव्हाकियाकडे. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, पण तेवढ्यावर थांबू नये. स्लोव्हाकियात डोंगरातल्या बचावकार्याचे पैसे पर्यटकाकडून वसूल केले जातात, म्हणून तो खर्च विम्यात आहे का, ते बारीक अक्षरांत वाचून घ्यावे. तात्रातल्या उंच वाटा १ नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत बंद असतात; त्या ओलांडण्याचे साहस कुणी करू नये. विमानाच्या तारखांत १९-२० डिसेंबरऐवजी १५-१६ आणि परतीला ३ जानेवारीऐवजी २८-२९ डिसेंबर धरली, तर सर्वांत चढे दर टळू शकतात आणि नववर्षाच्या आठवड्यातली गर्दीही. त्या आठवड्यात सीमेपलीकडचे झाकोपाने तर तुडुंब भरते; तिथे राहण्यापेक्षा क्राकोवहून जाऊन यावे हे बरे.

आपल्याकडच्या पर्यटन कंपन्यांनीही याचा विचार करायला हवा. दहा दिवसांत पाच देश दाखवणाऱ्या सहलीत बर्फ एका महागड्या शिखरावर दोन तासांपुरता भेटतो आणि उरलेला वेळ बसमध्ये जातो. एका पायथ्याच्या शहरात पाच रात्री, रोज रेल्वेने वर, अशी सहल ज्येष्ठांना आणि लहान मुलांना अधिक झेपेल आणि स्वस्तही पडेल. परतल्यावर ‘आयफेल टॉवर पाहिला नाहीत?’ असे कुणीतरी विचारेलच, विचारू द्यावे. तोवर प्रवाशाने स्वतःच्या हातातली गोष्ट करावी: येत्या नाताळचा बेत आखताना हॉटेलांची छायाचित्रे बाजूला ठेवून आधी नकाशावरची उंची पाहावी, मग रेल्वेचे वेळापत्रक, आणि शेवटी खोलीचा दर. या क्रमाने शोधले तर बर्फही मिळेल आणि स्कीइंग करणाऱ्यांचा खर्च आपल्या खिशातून जाणार नाही.